चौकीचं दार कुणीकडं

"टोणपेबाई, अकरावा रकाना मोकळा का?" देशमाने साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"माहिती आलेली नाही, साहेब."

"त्याला माहिती कशाला लागते? लिहा, वस्ती बेकार मजुरांची असून गुन्हेगारी प्रवृत्तीची आहे. तेवढं पुरतं."

"पण पाच वर्षांचे गुन्ह्यांचे आकडेही अपुरे आहेत. करंजपेठ ठाण्यानं तीनच वर्षांचे पाठवलेत."

"मग उद्या एसटीनं जा आणि हातानं उतरवून आणा. पंधरा दिवसांत प्रस्ताव मुंबईला गेला पाहिजे. मार्च उलटला की पैसे गेले."

फेब्रुवारी एकोणनव्वदमधली गोष्ट. मी पोलीस अधीक्षक कार्यालयात कारकून होते. माझे पती पोलीस शिपाई. बंदोबस्ताला जाताना त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. अनुकंपेवर मला घेतलं, पण कायम जागा मोकळी नव्हती म्हणून तात्पुरत्या जागेवर. तिची मुदत एकतीस मार्चला संपत होती. मी सत्तावीस वर्षांची होते, लेक चार वर्षांची. भावाच्या घरी राहत होते, आणि तिथं आम्ही दोघी जास्त झालोय हे कुणी बोलत नसलं तरी मला कळत होतं.

देशमाने आमचे कार्यालय अधीक्षक. माणूस वाईट नव्हता. करंजपेठेला नवी चौकी मंजूर झाली की तिच्याबरोबर एक कारकुनाची जागा येणार होती, आणि तिथं माझं नाव लावायचं त्यांनी कबूल केलं होतं. म्हणजे तो प्रस्ताव माझ्याही भाकरीचा होता.

करंजपेठेची सूतगिरणी बंद पडून सव्वादोन वर्षं झाली होती. गिरणीला लागून कामगारांची वस्ती, चारशे घरांची. वस्तीच्या पलीकडं नवी गुलमोहर सोसायटी झाली होती. डॉक्टर, अडत दुकानदार, कारखान्याचे अधिकारी अशा लोकांच्या बंगल्यांची. तिथं चोऱ्या वाढल्या. सोसायटीचे लोक आमदारांना भेटले, पेपरात छापून आणलं, चौकीसाठी कोपऱ्यावरचा प्लॉट द्यायला आणि बांधकामाचा निम्मा भार उचलायला तयार झाले. सरकारनं माणसं द्यायची, एक जीप द्यायची. एवढं आयतं जुळून आल्यावर प्रस्तावाला कोण नाही म्हणणार?

करंजपेठ ठाण्यात मला जमादार इब्राहिम मुजावरांच्या समोर बसवलं. सत्तावन्नच्या घरातला माणूस, पांढऱ्या मिशा, नाकावर घसरणारा चष्मा. ठाण्याचं सगळं लिहिण्याचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी मला नीट पाहिलं आणि विचारलं, "टोणपेंची मंडळी ना तुम्ही?"

"हो."

"दोन वर्षं होता इथं. चांगला पोरगा होता." चहा मागवला आणि रजिस्टरं काढून दिली.

मी दुपारपर्यंत आकडे उतरवले. गिरणी चालू असताना वर्षाला वीस-बावीस गुन्हे, बंद पडल्यावर सत्तरच्या वर. जवळजवळ सगळ्या फिर्यादी सोसायटीतल्या किंवा बाजारपेठेतल्या. संशयित म्हणून आणलेले जवळजवळ सगळे वस्तीतले. प्रस्तावाला हवं होतं तेच कागदावर होतं. मी पेन मिटलं.

"झालं?" मुजावरांनी विचारलं.

"झालं. एक विचारू, जमादार? वस्तीतल्या कुणाच्या घरी चोरी होत नाही का? चारशे घरांतून पाच वर्षांत चारच तक्रारी आहेत."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठून दार लोटून घेतलं, आणि कपाटाच्या तळातून शाळेतल्या मुलांची असते तसली एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली.

"ही सरकारी नाही. माझी आहे. वाचा आणि विसरा."

आत तारखा होत्या आणि नावं होती. सायकल गेली, परत पाठवलं. नवऱ्यानं डोकं फोडलं, समजावून परत पाठवलं. फंड काढून देतो म्हणून एजंटनं फसवलं, दिवाणीत जा सांगून परत पाठवलं. दारूच्या गुत्त्यावर मुलीचा हात धरला, परत पाठवलं. पानामागून पान तेच. दोन वर्षांत शंभराच्या वर माणसं.

"नोंदवून का घेतलं नाही?"

"गुन्हे वाढले की वरून विचारणा होते. सोसायटीची तक्रार टाळता येत नाही, लगेच फोन येतो. मग आकडा कुठं दाबायचा? ज्यांचा फोन येत नाही तिथं. ठाण्याचे साहेब सांगतात, मी परत पाठवतो." त्यांनी वही आवरली. "ताई, तुम्ही वस्तीबद्दल लिहिणार म्हणताय. वस्ती बघितलीय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"चला, दहा मिनिटांवर आहे."

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. चारची एसटी गाठायची होती. पण त्यांनी टोपी डोक्यावर चढवली होती.

वस्ती मला वाटलं होतं तशी नव्हती. ओळीनं कौलारू खोल्या, सारवलेली अंगणं, सगळ्या दारांवर गिरणीचा जुना हिरवा रंग. भर दुपारी धडधाकट माणसं कट्ट्यांवर बसलेली होती. काही खोल्यांच्या चौकटीच नव्हत्या. सागवान विकून खाल्लं होतं. पोलीस दिसताच कट्टे रिकामे झाले.

एका खोलीसमोर पन्नाशीची एक बाई वाती वळत बसली होती. ती मात्र हलली नाही. "या जमादार," म्हणाली आणि आतून पोतं आणून अंथरलं.

"अनसूयाबाई खिलारे," मुजावर मला म्हणाले. "गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या, वीस वर्षं. वस्तीतल्या बायका यांचं ऐकतात. बाई, या एसपी ऑफिसातल्या. चौकीचा कागद यांच्याकडं आहे."

मला वाटलं, आता ही बाई चिडणार. आम्हाला काम द्या, पोलीस कशाला आणताय, असं काहीतरी ऐकून घ्यायची मी तयारी केली होती. अनसूयाबाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "चौकी व्हायलाच पायजे, बाई. कवा हुतीया?"

"तुम्हाला चौकी हवीय?"

"आमास्नी नको तर कुनाला? गिरनी बंद पडल्यापास्नं तीन गुत्ते झाल्यात हितं. सांजंला पोरी संडासला जाईत न्हाईत. बंगल्याला कुत्री हाईत, गुरखा हाय, तारंचं कुंपन हाय. आमच्या दाराला कडीबी न्हाई." त्यांनी हातातली वात बाजूला ठेवली. "पन मला येक सांगा. दार कुनीकडं करनार?"

"कशाचं दार?"

"चौकीचं."

माझ्या पिशवीत नकाशाची प्रत होती. मी ती अंगणात उलगडली. एवढे दिवस ती माझ्याकडं होती, मी कधी त्या नजरेनं पाहिली नव्हती. वस्ती आणि सोसायटीच्या मधे माथ्यावर काचा लावलेली भिंत होती. चौकी भिंतीच्या पलीकडं, सोसायटीच्या कोपऱ्यावर. दार सोसायटीच्या रस्त्याला. वस्तीच्या बाजूला कोठडीची मागची भिंत आणि एक उंच जाळी. वस्तीतल्या माणसाला तिथं जायचं तर हमरस्त्यानं वळसा घालून, सोसायटीच्या फाटकावरच्या गुरख्याला विचारून आत जावं लागणार होतं.

अनसूयाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी बोटानं भिंत दाखवली तशी त्यांना सगळं कळलं.

"म्हंजे आमी तकरार घिऊन याचं ह्ये दार न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमास्नी धरून न्ह्याचं हाय."

मुजावर खाली मान घालून बसले होते. अनसूयाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग आत जाऊन चहा केला. कपबशी एकच होती. ती त्यांनी मुजावरांना दिली आणि मला पितळी पेल्यात. त्या दोघांमधे काहीतरी होतं, इतकं मला जाणवलं. काय ते कळलं नाही.

पुढचे आठ दिवस तो अकरावा रकाना माझ्यासमोर होता. परिसरातील लोकांची सामाजिक व आर्थिक परिस्थिती, असं त्याचं नाव. चौकीला किती माणसं द्यायची, किती खर्च करायचा, ते ह्या रकान्यावरून आणि आकड्यांवरून ठरायचं. देशमाने साहेबांचं वाक्य टंकून टाकलं असतं तर कुणीही मला काही विचारलं नसतं. एप्रिलपासून माझी जागा पक्की झाली असती. एका सकाळी ते वाक्य मी टंकलंही. मग कागद मशीनमधून ओढून काढला.

नवव्या दिवशी देशमाने पुतण्याच्या लग्नाला गेले. प्रस्ताव त्याच संध्याकाळी सहीला जायचा होता. ते नसताना मी केलं, हे मी लपवत नाही. ते समोर असते तर माझी छाती झाली नसती.

मी लिहिलं, गिरणी बंद झाल्यापासून चारशे कुटुंबांना कायम रोजगार नाही. गुन्हे वाढले आहेत, त्याचा सर्वाधिक त्रास याच कुटुंबांना आहे. परंतु त्यांच्या तक्रारी नोंदल्या जात नसल्याने शासकीय आकड्यांत ती केवळ संशयित म्हणून दिसतात. चौकीची गरज वस्तीस अधिक आहे. दार वस्तीच्या बाजूस ठेवण्याचा विचार व्हावा.

तिसऱ्या दिवशी पोलीस अधीक्षक साहेबांनी मला आणि देशमान्यांना बोलावलं. देशमान्यांचा चेहरा पाहून मला रडू येत होतं. दारातून आत जाताना ते पुटपुटले, "तुमच्या लेकराकडं बघून मी हे करत होतो हो, बाई."

साहेब तरुण होते. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळं जास्त भीती वाटायची.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, साहेब."

"तक्रारी नोंदल्या जात नाहीत. हा माझ्या एका ठाण्यावर आरोप आहे. पुरावा काय?"

मी त्यांच्या पुढ्यातल्या माझ्या कागदाकडं पाहिलं.

"तुम्ही ठाण्यात गेला होतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

माझ्या डोळ्यांपुढं ती वही होती. ते नाव सांगितलं असतं तर मी सुटले असते. पण नऊ महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाची पेन्शन माझ्या जिभेवर आहे, एवढं कळण्याइतकी नोकरी माझी झाली होती.

"मी वस्तीत गेले होते, साहेब. लोकांशी बोलले."

"कोणाबरोबर गेलात?"

"ते मी सांगू शकत नाही."

देशमान्यांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "बाहेर बसा. चार वाजेपर्यंत विचार करा. त्यानंतर तुमच्या मुदतवाढीचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दोन वाजले, अडीच वाजले. लेकीला शाळेतून आणायला वहिनी गेली असेल का, आणि भावाला घरी जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तीनच्या सुमारास फाटकातून मुजावर येताना दिसले. पूर्ण गणवेश, पट्टा चकचकीत केलेला, काखेत ती दोनशेपानी वही. सकाळी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर देशमान्यांनी ठाण्याला फोन करून, आमच्या बाईंना कुणी फिरवलं, असं विचारलं होतं. ते ऐकून ते थेट एसटीत बसले होते.

"जमादार, परत जा," मी उठून म्हणाले. "मी काही सांगितलेलं नाही."

"ठाऊक आहे, ताई. म्हणून तर आलो."

शिपायानं वर्दी दिली. साहेबांनी मलाही आत बोलावलं. मुजावरांनी सॅल्यूट केला आणि वही टेबलावर ठेवली.

"साहेब, बाईंना वस्तीत मी नेलं. परत पाठवलेल्या माणसांची ही नावं आहेत. पाठवणारा मी. हुकूम कुणाचा होता ते मी सांगणार नाही. हात माझा होता."

साहेबांनी वही उघडली. पहिल्याच पानावर ते थांबले. "कस्तुरा बाळू ऐवळे. दोनदा परत पाठवलं. या नावाभोवती चौकट का केलीय?"

मुजावरांनी वहीकडं न पाहता सांगितलं.

"बावीस वर्षांची होती, साहेब. नवऱ्याची गिरणी सुटली, त्याला गुत्ता लागला. मारायचा. ती ठाण्यात आली, मी सांगितलं, घरगुती बाब आहे, आईकडं जा चार दिवस. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. हात मोडला होता. मी म्हणालो, उद्या ये, आज साहेब बंदोबस्तावर आहेत. दुसऱ्या दिवशी ती विहिरीत मिळाली. अकस्मात मृत्यू म्हणून मीच नोंद केली. त्याच संध्याकाळी ही वही विकत घेतली." ते थांबले. "अनसूया खिलारेंची मुलगी ती."

मला पितळी पेला आठवला, आणि एकुलती एक कपबशी कुणाच्या हातात दिली होती ते.

साहेब वही वाचत राहिले. शेवटी मिटून म्हणाले, "जमादार, नोंद न घेणं हा कर्तव्यातला कसूर आहे. चौकशी होईल. तुमची आणि तुमच्या अधिकाऱ्यांचीही."

"होय, साहेब."

"वही इथं राहील." मग माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही वरिष्ठ रजेवर असल्याचा फायदा घेतला, तो कसूर तुमचा. पण अकरावा रकाना आहे तसा जाईल."

प्रस्ताव तसाच गेला. त्याचे परिणाम झाले. दार फिरवायचं म्हटल्यावर सोसायटीनं प्लॉट काढून घेतला. आमदारांचा उत्साह मावळला. मुंबईहून मंजुरी आली ती निम्म्याहून कमी. बारा माणसांऐवजी चार माणसं आणि एक महिला शिपाई. जीप नाही, नवी इमारत नाही, कारकुनाची जागा नाही. साहेबांनी खटपट करून बंद गिरणीचं टाइम ऑफिस, कामगारांची हजेरी लागायची ती जागा, भाड्यानं घेतलं. त्या दोन खोल्यांचं दार वस्तीत उघडत होतं. एकतीस मार्चला माझी मुदत संपली आणि मी घरी बसले. त्या दिवसांत मी स्वतःला खूप दोष दिला.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. नव्या चौकीसाठी महिला शिपायाच्या मदतीला रोजंदारीवर लेखनिक हवा होता. शिफारस केली होती देशमाने साहेबांनी.

चौकी उघडली त्या सकाळी मी तिथं होते. मुजावरांची चौकशी संपली होती. एक वेतनवाढ गेली होती, आणि उरलेल्या पाच महिन्यांसाठी त्यांची नेमणूक याच चौकीत झाली होती. फीत नव्हती, हार नव्हते. टेबल पुसून त्यांनी रजिस्टर उघडलं तेव्हा दारात अनसूयाबाई उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, पायात चपला.

"बसा बाई," मुजावर म्हणाले.

"तकरार द्याची हाय."

"कुणाबद्दल?"

"जावयाबद्दल. माझ्या पोरीला मारल्याली."

मी पाहिलं, मुजावरांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मग म्हणाले, "बाई, हे लिहायला दुसरा माणूस देतो. माझ्या हातनं नको."

"तुमच्याच हातनं," अनसूयाबाई म्हणाल्या. "ती तुमच्याकडंच आल्ती नव्हं? मग तुमीच लिवा. समदं लिवा. दोन डाव आल्ती त्येबी लिवा."

त्यांनी लिहिलं. दीड तास लागला. ज्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव यायला हवं होतं तिथं ते घातलं. पूर्ण झाल्यावर वाचून दाखवलं, अंगठा घेतला, आणि नक्कल त्यांच्या हातात दिली. अनसूयाबाईंनी ती घडी करून कनवटीला खोवली. जाताना मला म्हणाल्या, "बाई, तुमची पोरगी कुनापाशी ठिवलीया? हितं आनत जावा. माझ्यापाशी ऱ्हाईल."

लेक तीन वर्षं त्यांच्या अंगणात वाढली. जावयाला शिक्षा झाली तेव्हा ती पहिलीत होती. पुढं मी परीक्षा दिली, कायम झाले, आणि सरतेशेवटी ज्या खुर्चीवर देशमाने साहेब बसत त्याच पदावरून निवृत्त झाले. तीस वर्षांत चौक्यांचे, गाड्यांचे, माणसांचे कितीतरी प्रस्ताव माझ्या हाताखालून गेले. कुठं कारखाना बंद पडला, कुठं दुष्काळ पडला, की वर्षा-दोन वर्षांत तिथून पोलिसांची मागणी यायचीच. मी हाताखालच्या मुलामुलींना आकडे आणायला पाठवायची तेव्हा आधी वस्तीत जाऊन या म्हणायची.

कायम झाल्याचा आदेश आला त्या रविवारी मी पेढे घेऊन मुजावरांच्या गावी गेले. ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. अंगणात लिंबाखाली बसले होते, दृष्टी बरीच गेली होती. आवाजावरून ओळखलं.

मी पाया पडले. मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आला नसता तर माझं काही खरं नव्हतं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"उलटं बोलताय, ताई." त्यांनी हातानं चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "साहेबांपुढं तुम्ही माझं नाव घेतलं असतं, तर शिपाई पाठवून मला धरून नेलं असतं. तुम्ही गप्प बसलात, म्हणून मला माझ्या पायांनी जाता आलं."

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि "आमच्या ताई कायम झाल्या म्हणून सांग" असं बजावून पेढ्यांचा पहिला वाटा शेजारच्या घरी पाठवला.